जन्मगावाचा रकाना

शास्त्रज्ञ होता होता मी शाळामास्तर झालो, आणि त्याला कारण माझ्या आईचं पहिलं बाळंतपण. हे सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखंच आहे म्हणा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हा आपला रिवाज, आणि आईचं माहेर पैनगंगेच्या पल्याड, वऱ्हाडात. आदिलाबादहून पहाटे बैलगाडी जुंपली की दुपारच्या जेवणाला तिथं पोचता येई. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजाचा अंमल होता, पण आमच्या घरात तसं कुणी बोलत नसे. आत्या पलीकडे दिलेली, मामी अलीकडून नेलेली, असा सगळा येण्याजाण्याचा मामला. काठावर करोडगिरीचा नाका होता. तिथला शिपाई गाडीतली लुगड्यांची गाठोडी उसकटून जकात मागायचा. गाडीतल्या बाईच्या पोटात कोण आहे आणि ते कुठल्या राज्यात जन्माला येणार, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं पुढचं पुष्कळ वाचलं असतं.

माझे वडील आदिलाबादच्या कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. हुद्दा लहान, पण त्यांच्या अक्षराला गावात मोठा मान. उर्दूत दरख्वास्त लिहायची झाली की तलमडुग्यापर्यंतच्या खेड्यांतली माणसं त्यांच्याकडे यायची. बाबांनी लिहिलेला अर्ज खारिज होत नाही असं लोक म्हणत, आणि बाबांनाही ते खरं वाटू लागलं होतं. नियम त्यांना तोंडपाठ. एखादा साहेब चुकला तर बाबा हात बांधून, मान खाली घालून, अगदी नम्रपणे कलमाचा आकडा सांगायचे. साहेब मनातून जळायचा, पण आकडा बरोबर निघायचा.

अशा माणसाचा मी थोरला मुलगा. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मला हैदराबादला शिकायला ठेवलं. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि वर्गात उर्दू, असं करत, ॲसिडला तेजाब म्हणत, मी रसायनशास्त्र शिकलो आणि एम.एस्सी. झालो. चांगला झालो. हे मीच सांगतो आहे, कारण आता सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मला नाद होता सरकीच्या तेलाचा. आदिलाबादेत कापसाचा बाजार भरला की जिनिंगच्या आवारात सरकीचे डोंगर पडत. ती म्हशी खात. तिचं तेल निघे, पण काळंतांबडं, उग्र वासाचं. ते कुणी फोडणीला घालत नसे. ते साफ करायचं कसं, तेही गावातल्या तेलघाणीवाल्याला परवडेल असं, हा माझा प्रश्न. त्याचा धागा मला निर्मलला सापडला. तिथले कारागीर लाकडी खेळण्यांना रंग देण्याआधी पांढऱ्या मातीचा हात देतात. सुट्टीत एकदा मी ती माती रुमालात बांधून नेली, भाजली, आणि सोड्यानं धुतलेल्या तेलात घालून तापवली. गाळल्यावर नळीत जे उतरलं ते उसाच्या रसाइतकं फिकट होतं. मी धावत जाऊन आमच्या प्रोफेसरांना ती नळी दाखवली. ते मद्रासकडचे, फार कमी बोलणारे. त्यांनी नळी उजेडात धरली, हुंगली, आणि म्हणाले, हे दोन वर्षांचं काम आहे, वजिफ्यासाठी अर्ज कर.

सरकार तेव्हा संशोधनासाठी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, देई. दोन वर्षं राहण्याखाण्याची सोय, प्रयोगशाळेत जागा, लागेल ते सामान. आमच्या सगळ्या शाखेत मिळून जागा एकच. ती मिळाली तर मी संशोधक होणार होतो, आणि नाही मिळाली तर घरी परत; तिसरी वाट नव्हती. माझ्या पाठीवर चार भावंडं होती. मला आणखी दोन वर्षं पोसणं बाबांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि तसं मागायला मला लाज वाटली असती. मी कामाचा आराखडा लिहिला. प्रोफेसरांनी शिफारस दिली, आणि त्यांच्यासारख्या माणसाच्या मानानं भरभरून दिली. घोडं अडलं फक्त एका कागदावर. वजिफा मुल्की माणसालाच मिळे, म्हणजे जो या राज्याचा आहे त्यालाच. तसा सदाकतनामा, म्हणजे दाखला, जिल्ह्याच्या कचेरीतून आणायचा होता. बाबांच्याच कचेरीतून! मी मुदखेडला गाडी बदलून आदिलाबादला आलो तो जवळजवळ नाचतच.

शुक्रवार होता, कचेरीला सुट्टी. बाबा ओसरीवर बैठी पेटी घेऊन बसले, टाक धुतला, आणि दाखल्यासोबत जोडायचा हलफनामा, म्हणजे शपथेचं पत्र, लिहायला घेतला. आई शेजारी सुपात ज्वारी पाखडत होती. नाव झालं, बापाचं नाव झालं, जात झाली. जन्मगावाच्या रकान्यावर टाक थांबला.

"लिवा ना," आई म्हणाली. "माह्या माहेरचं गाव. तिथंच तं झाला."

"तू पाखड," बाबा म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं, आदिलाबाद.

मी पाहत होतो. म्हणालो, "बाबा, मी तं नदीपल्याड..."

"तुले वजिफा पाह्यजे का गाव पाह्यजे?"

"पन खोटं काऊन लिवता?" आईनं सूप खाली ठेवलं. "माहेरी बाळंतपन करणं का चोरी होय?"

"वऱ्हाड लिवलं का गैरमुल्की म्हनतीन. आजकाल लई बारीक पाहून राह्यले. तुमाले कचेरीतलं काय समजते?" बाबांचा आवाज चढला. तो एरवी चढत नसे, म्हणून आईनं सूप पुन्हा हातात घेतलं. मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी सही केली.

ती सही माझी होती, हे मी कधी नाकारलं नाही. मी काही कुकुल्लं बाळ नव्हतो. नळीतला रंग एका छटेनं बदलला तर तो वहीत नोंदवणारा माणूस मी, धडधडीत खोट्याखाली शपथेवर सही करून मोकळा झालो. तेव्हा मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. नदीच्या या काठाला की त्या काठाला, एवढाच तर फरक. दुसऱ्या दिवशी कचेरीत सरिश्तेदारांनी, म्हणजे बाबांच्या वरच्या कारकुनांनी, मला चहा पाजला, कागद पाहिलासुद्धा नाही, आणि मोहोर उठवली. "इनके साहबजादे का कागज भी क्या देखना," असं म्हणाले. बाबा कोपऱ्यातून पाहत होते. त्यांचा चेहरा आनंदी नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी आठवलं.

मुलाखतीला मी वर्गमित्राची शेरवानी घालून गेलो. खांद्यात घट्ट होती. समोर तिघं बसले होते. मधले वयस्क, पांढऱ्या दाढीचे, आवाजानं मऊ. डावीकडचे माझी मिसल, म्हणजे कागदांची चळत, सावकाश चाळत होते. तिसरे बहुधा झोपेत होते. प्रश्न सुरू झाले आणि माझी गाडी सुटली. सोडा किती, माती किती तापवायची, गाळायला कापड कुठलं, तेल वाया किती जातं. मी बोलत गेलो. दाढीवाले पुढे झुकले. एकदा तर त्यांनी स्वतः हिशेब करून पाहिला आणि मान डोलावली. माझी खात्री झाली की वजिफा माझाच. आजही सांगतो, त्या क्षणी तो माझाच होता.

मग त्यांनी हसून, सहज विचारलं, एवढ्या गोष्टी जगात असताना सरकीचंच वेड कसं लागलं?

आणि मी गोष्ट सांगितली. घरी प्रत्येक सणाला सांगितली जाणारी, मी हजार वेळा ऐकलेली. कापूस वेचणीचे दिवस होते, आजोबांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती, सरकीची खोली तेवढी उबदार म्हणून आईला तिथं निजवलं. सुईणीनं मला पुसलं आणि ठेवायला जागा नाही म्हणून धडुत्यात गुंडाळून सरकीच्या ढिगावरच ठेवलं. तेव्हापासून मामा मला 'सरकीतला' म्हणतात. मी हे सगळं उर्दूत, हातवारे करून, रंगवून सांगितलं. दाढीवाले मोठ्यानं हसले. झोपलेले जागे झाले आणि तेही हसले.

डावीकडच्यांनी विचारलं, कुठलं गाव?

मी गावाचं नाव सांगितलं.

"ये कहाँ हुआ?"

"पैनगंगा के उस पार," मी म्हणालो. मागच्या गल्लीचा पत्ता सांगावा तितक्या सहज. मला तेव्हाही कळलं नाही! त्यांनी मिसलीतला कागद वर काढला, जन्मगावाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तो दाढीवाल्यांपुढे सरकवला, तेव्हा कुठं मला त्या शुक्रवारी थांबलेला टाक आठवला.

दाढीवाल्यांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "बेटा, बाप मुल्की तो बेटा मुल्की. पैदाइश कहीं की भी हो. फिर ये झूठ किसलिए?"

मी त्यांना सलाम केला आणि बाहेर आलो.

तरी दार पुरतं लागलं नव्हतं. तीनचार दिवसांनी दाढीवाल्यांनी प्रोफेसरांना निरोप दिला की मुलगा कामाचा आहे. कचेरीकडून खुलासा मागवला आहे. जन्मगाव चुकून लिहिलं गेलं एवढी दुरुस्ती आली की पुढचं मी पाहतो. एका ओळीचं काम. निरोप मिळाला त्याच दिवशी मी गाडी पकडली. मुदखेडच्या फलाटावर ती ओळ मी मनात उर्दूत रचूनही ठेवली.

घरी पोचलो तेव्हा खुलाशाचा कागद माझ्या आधीच पोचला होता. सरिश्तेदारांनी तो बाबांकडेच दिला होता, आणि बाबा उत्तर लिहीत बसले होते. मी सगळं सांगितलं. नियम आपल्या बाजूनं आहे, बाप मुल्की तर मुलगा मुल्की, साहेबांनी स्वतः सांगितलं, फक्त चूक झाली म्हणा. बाबांनी माझ्याकडे न पाहता लिहिणं पुरं केलं, वाळू टाकली, ती झटकली आणि कागद मला दिला. नेहमीचं ते अक्षर, मोत्यांच्या सरीसारखं. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराचा जन्म आदिलाबादचाच आहे. अर्जदार अननुभवी आहे, बड्या साहेबांपुढे गडबडला, आणि ऐकीव, भाकड गोष्ट सांगून बसला. तिच्यात तथ्य नाही. खाली शेजारच्या दोघांच्या साक्षी घ्यायला जागा सोडली होती.

"यानं तं मीच खोटारडा ठरतो, बाबा."

"तू बोलून बसला. आता मी काय करू?"

"एक ओळ लिवा. चुकलं म्हना."

"नाई लिवता येत."

"काऊन नाई येत?"

त्यांनी टोपी घातली आणि कागद घेऊन कचेरीत निघून गेले. आई दारात उभी होती. तिच्या अंगावरून गेले, पण तिच्याकडेही पाहिलं नाही. ती मला म्हणाली, "माह्यानं चुकलं का रे? इथंच राह्यली असती मी." तिच्या त्या बोलण्यानं मला बाबांचा जितका राग आला, तितका त्या खुलाशानंही आला नव्हता.

दरख्वास्त खारिज झाली. कारण दिलं होतं की अर्जदाराच्या म्हणण्यात मेळ नाही, तो भरवशाचा नाही. मी प्रोफेसरांना भेटायला गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, हेच पुष्कळ. म्हणाले, एकाच वस्तूचं माप एकानं दोनदा घेतलं आणि दोन वेगळे आकडे आणले, तर त्याच्या वहीतल्या बाकी आकड्यांचं मी काय करायचं? मी म्हणालो, कागदावरचा आकडा माझा नाही, वडिलांचा आहे. ते म्हणाले, त्या कागदावर सही तुझी आहे. माझी वही त्यांनी परत दिली. वजिफा दुसऱ्या मुलाला मिळाला. मुलगा हुशार होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

मी निर्मलला शाळेत लागलो. पोरांना हवेचा दाब शिकवला, पेल्यावर पुठ्ठा धरून पेला उलटा करून दाखवला. दर वर्षी तोच पेला, तोच पुठ्ठा. वर्गाच्या खिडकीतून खेळणी रंगवणाऱ्यांचे ओटे दिसत. त्या पांढऱ्या मातीची वाडगी उन्हात मांडलेली असत. सुरुवातीला मी खिडकीकडे पाठ करून उभा राहायचो. पुढं पुढं तेही सोडलं. पाचसहा वर्षांनी दुकानात सरकीचं साफ केलेलं तेल डब्यातून येऊ लागलं. आईनं ते आणलं आणि मला विचारलं, "हेच काय रे तुहं?" मी म्हणालो, हेच. त्या दिवशीची भाजी मी खाल्ली, आणि चांगली झाली होती.

बाबांशी मी कामापुरतं बोलायचो. सणावारी जायचो, पाया पडायचो, परत यायचो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावानं मारणार? मनात मात्र एकच प्रश्न घोळत राहायचा. ज्या माणसानं उभी हयात साहेबांना कलमं दाखवली, त्याला स्वतःच्या मुलाच्या बाजूचं कलम आठवू नये? भित्रेपणा म्हणावा, तर ते भित्रे नव्हते. माझा दुस्वास करत होते म्हणावं, तर मी त्यांचा थोरला मुलगा. काहीच जमेना, म्हणून मी त्यांच्या हट्टाला दोष दिला आणि तो उगाळत बसलो. वीस वेळा ठरवलं की आता तोंडावर विचारायचं, आणि वीस वेळा पाया पडून परत आलो.

पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं. कचेरीवरची पाटी बदलली. बाबा घरी बसले. त्यानंतरच्या एका दिवाळीत आम्ही दोघं ओसरीवर होतो. पेपरात पुन्हा मुल्की आणि गैरमुल्कीचं काही आलं होतं. नोकऱ्यांवरून पोरं रस्त्यावर आली होती. मी पेपर खाली ठेवला आणि माझं तोंड सुटलं.

"नियम आपल्या बाजूनं होता, बाबा. तुमाले पाठ होता. तरी नाई लिवलं."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "नियम तुह्या बाजूनं होता. माह्या नव्हता."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचाही जन्म पल्याडचा. तिथंच वाढले, आणि मिसरूड फुटल्यावर काकांकडे आदिलाबादला आले. वर्ष दोन वर्षांत कचेरीत जागा निघाली. तीही मुल्क्यांनाच होती. काकांनी अर्जात लिहून दिलं, जन्म आदिलाबाद, पिढ्यान्‌पिढ्या राहणार आदिलाबाद. त्या एका ओळीवर त्यांची सारी नोकरी उभी होती.

"तुही दुरुस्ती पाठवली असती, तं बाप मुल्की हाय का म्हनून पह्यले माही मिसल काढली असती," ते म्हणाले. "मंग तुमी पाचही जनं काय खाल्लं असतं?"

त्या पाचांत मीही होतो. माझं हैदराबादचं शिक्षण त्याच पगारातून झालं होतं. राग कुणावर धरायचा हेच मला कळेना, आणि इतकी वर्षं जपलेला राग असा हातातून निसटताना माणसाला सुटल्यासारखं वाटत नाही, लुटल्यासारखं वाटतं.

मी एवढंच विचारलं, "मंग तेव्हाच मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "तुह्या तोंडात काई राह्यते काय? चार मान्सं हासली का तू बोलून टाकतं."

त्या शुक्रवारी ओसरीवर त्यांनी मला ही एक गोष्ट सांगितली असती, तर मुलाखतीत मी जिभेला गाठ मारून बसलो असतो. त्यांनी सांगितली नाही, कारण माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. पुढं सरकारनंही माझ्या अर्जावर तेच लिहिलं, पण बाबांनी ते आधी ठरवलं होतं.